दुपारचे तीन आणि डोळ्यांपुढं अंधारी

ताई, नमस्कार. माझं वय 42, उंची पाच फूट एक इंच, वजन 74 किलो होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. आठ तास उभं राहून काम. कारखान्यात तपासणी शिबिर झालं, त्यात वजन जास्त आणि हिमोग्लोबिन 9.8 निघालं. मैत्रिणीनं मोबाईलवर एक चार्ट पाठवला, तो अकरा दिवस न चुकता पाळतेय. सकाळी लिंबू-मध-पाणी, मग पाण्यात शिजवलेले ओट्स. डब्यात वाटीभर मोडाचे मूग आणि काकडी-टोमॅटो. चारला एक सफरचंद. रात्री भाज्यांचं सूप आणि पपई. मध्ये एक ग्लास पातळ ताक, तेही बिनमिठाचं. भाकरी, शेंगाची चटणी, चहा, साखर, मीठ सगळं बंद. पहाटे उपाशीपोटी कंबर तलावापर्यंत चालून येते, जाऊन-येऊन पाच किलोमीटर होतात. पहिल्या पाच दिवसांत अडीच किलो उतरले, पुढच्या सहा दिवसांत चारशे ग्रॅमसुद्धा नाही. पहिले तीन दिवस डोकं असं ठणकलं की विचारू नका. जाऊबाई म्हणाल्या, शरीरातली घाण बाहेर पडतेय, सोस. डोकं थांबलं, पण आता दुपारी तीनच्या सुमारास डोळ्यांपुढं अंधारी येते, हातपाय गार पडतात, घरी पोरांवर उगीच खेकसते. परवा एक अख्खा गठ्ठा न बघताच पास केला, सुपरवायझरनं सगळ्यांसमोर सुनावलं. रात्री झोप येत नाही, मोबाईलवर दुसऱ्यांच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ बघत पडते. सुरुवातीला असं होतंच का? सोसावं की सोडून द्यावं? पुढच्या रविवारी नणंदेकडं धपाट्यांचं जेवण आहे, जाऊ की नको तेही सांगा.

ता. क. मिस्टरही माझ्यासोबत तेच खातायत. त्यांना शुगरची गोळी चालू आहे.

— चेकिंगवाली, जुळे सोलापूर

*

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ता. क. म्हणून लिहिलीत, म्हणून मी तिथूनच सुरू करते. मिस्टरांचा हा चार्ट आजच, आत्ता बंद करा. तुमचं आपण नंतर सावकाश बोलू.

शुगरच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड असल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. माणूस जेवलाय की नुसतं सूप पिऊन बसलाय, हे त्या बघत नाहीत. पोटात भाकरी नाही आणि गोळी मात्र रोजचीच, असं झालं की साखर 70 च्या खाली घसरू शकते. मग दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, बोलताना गोंधळ. हे रस्त्यात गाडीवर झालं तर काय होईल ते मी लिहीत नाही. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका बराच कमी असतो. पण कोणती गोळी आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि इन्सुलिनचं इंजेक्शन असेल तर धोका आणखी जास्त. त्यांना नेहमीचं जेवण द्या, गोळी मनानं थांबवू नका, आणि डॉक्टरांना फोन करून सांगा की आहार कमी करायचाय, डोस काय करू. अशी लक्षणं दिसलीच तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायला द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, आणि बरं वाटल्यावर वर काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

हं. आता तुमचं.

तुम्ही विचारलंय, सुरुवातीला असं होतंच का. थोडंफार होतं. रोजच्यापेक्षा कमी खायला लागलं की पहिला आठवडा-दोन आठवडे जुन्या वेळेला भूक लागते, जिना चढताना पाय जरा जड वाटतात, संध्याकाळी आळस येतो. तेवढं सोसावं. पण अंधारी येणं, हातपाय गार पडणं, गठ्ठा डोळ्यांसमोरून जाऊनही न दिसणं हे त्यात बसत नाही. तुम्ही कमी खायला लागलेल्या नाहीत, तुम्ही जेवायचंच सोडलंय.

मी तुमचा दिवस कागदावर मांडला. मध नि लिंबू वीस कॅलरी. मूठभर ओट्स एकशेदहा. मूग एकशेवीस. काकडी-टोमॅटो चाळीस, सफरचंद ऐंशी, सूप साठ, पपई साठ, ताक चाळीस. बेरीज 530. तुमचं वय, उंची आणि वजन धरलं तर दिवसभर नुसतं पंखा लावून पडून राहिलात तरी हृदय, फुप्फुसं, मेंदू, मूत्रपिंडं चालवायला शरीराला साधारण 1340 लागतात. त्यात आठ तास उभं काम आणि पाच किलोमीटर चाल धरा, हिशोब दोन हजारांवर जातो. दोन हजारांचा संसार आणि पगार पाचशे तीस. तीन वाजता अंधारी येते त्यात नवल काही नाही, अकरा दिवस तुम्ही उभ्या राहिलात याचंच मला नवल वाटतं.

सूप आणि व्हिडिओ वाचून मला एक जुना प्रयोग आठवला. 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपाशी राहिलेल्यांना पुन्हा कसं खायला घालायचं हे त्यांना शोधायचं होतं. ती पोरं आपणहून तयार झालेली होती. काही आठवड्यांत ती चिडचिडी झाली, त्यांना उन्हाळ्यातही थंडी वाजायला लागली, कशात लक्ष लागेना, आणि त्यातली काही पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायला लागली. तुमच्या रात्रीच्या व्हिडिओंची सगळी हकीकत त्यात आली. त्या पोरांना दिवसाला साधारण 1570 कॅलरी मिळत होत्या. तुमच्या तिप्पट. तेव्हा पोरांवर खेकसता म्हणून स्वतःला बोल लावू नका, तो स्वभाव नाही, ती भूक आहे.

आणि वजन अडलं का? तर पहिल्या पाच दिवसांतले अडीच किलो हे बहुतेक पाणी होतं. यकृतात आणि स्नायूंत शरीर साखरेचा एक साठा ठेवतं, ग्लायकोजेन म्हणतात त्याला. तो धरून ठेवायला दर ग्रॅममागं तीनेक ग्रॅम पाणी लागतं. तुम्ही खाणं तोडलं, साठा संपला, त्याच्याबरोबर पाणी गेलं. मीठ बंद केलंत त्यानं आणखी गेलं. एक किलो चरबी जाळायला साधारण 7700 कॅलरींची तूट लागते. पाच दिवसांत तुमची तूट झाली सातेक हजारांची, म्हणजे चरबी गेली ती फार तर पाऊण-एक किलो, आणि त्यातही थोडा स्नायू गेला असणार. पुढच्या सहा दिवसांत पाणी जायचं थांबलं, म्हणून काटा रुसला.

शरीर काटकसर कशी करतं हे सोलापूरकरांना शिकवायला नको. नळाला पाणी आता चार दिवसांनी येणार असं कळलं की आपण काय करतो? चादरी धुवायचं पुढं ढकलतो, बादलीऐवजी तांब्या, अंगण शिंपायचं बंद. कुणी सांगावं लागत नाही. शरीराचंही तसंच आहे. हातापायांकडं रक्त कमी पाठवतं, म्हणून ते गार पडतात. थायरॉईडचा वेग थोडा उतरवतं. तुमच्या नकळत तुमची हालचाल कमी करतं, तुम्ही एका जागी टेकून उभ्या राहता, दोन पावलांवरची कात्री दुसरीला मागता. खाली बसून गठ्ठा उचलून झटकन उठलात की डोक्याकडं जाणाऱ्या रक्ताचा दाब क्षणभर पडतो, कारण अंगात पाणी आणि मीठ दोन्ही कमी. त्यात सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा, नि दिवसभर घाम. असल्या हवेत मीठ साफ बंद करायला सांगणाऱ्या माणसानं आपल्याकडचा एप्रिल बघितलेला नसावा. बीपीची किंवा मूत्रपिंडाची तक्रार नसेल तर उद्यापासून ताकात चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घाला. तक्रार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

जाऊबाईंची घाण. त्यांना माझा नमस्कार सांगा, पण ती घाण नव्हती, तो चहा होता. दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्या बाईनं एका दिवसात चहा तोडला की कॅफिन तुटल्यामुळं डोकं धरतं. पहिल्या-दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, मग आठवड्याभरात ओसरतं. तुमचं तसंच झालं. अंगातलं नको ते बाहेर टाकायला यकृत आणि मूत्रपिंडं बसलेली आहेत आणि ती पपई खाल्ली म्हणून जास्तीचं काम करत नाहीत. चहा चालू करा, दोनदा, अर्धी साखर घालून. फक्त जेवणावर लगेच नको, तास-दीड तास जाऊ द्या. का, ते पुढं येतंय.

हिमोग्लोबिन 9.8 हा आकडा तुम्ही वजनाच्या मागं लपवून लिहिलात, पण मला तो वजनापेक्षा जास्त खुपतो. बाईचं 12 च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये तो निघाला, म्हणून आपल्याला तो अंगवळणी पडलाय. "बायकांचं असतंच कमी." असतं, पण ते असायला नको. प्राणवायू वाहून नेणाऱ्या गाड्याच कमी, त्यात इंधनही तोडलं, मग तीन वाजता गाडी बंद पडणारच. सिव्हिलला किंवा घराजवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन दाखवा, पाळीत जास्त जातं का हे न लाजता सांगा, आणि रक्ताबरोबर थायरॉईड व बी-12 ही बघायला सांगा. लोहाच्या गोळ्या लागतील. चहातलं टॅनिन लोह आतड्यात शोषू देत नाही, म्हणून जेवण आणि चहा यांच्यात अंतर. लिंबू उलट मदत करतं. मधाच्या पाण्यात पिळता ते लिंबू भाजीवर पिळा.

आता भाकरीकडं येते. खरं सांगू, तुमच्या पत्रात मला राग आला तो याच ओळीचा. सोलापुरात राहून भाकरी बंद करून ओट्स! ओट्सशी माझं भांडण नाही, पण मंगळवेढ्याच्या ज्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय ती इथं दुकानात हाताला लागते, त्यात शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम प्रथिनं आहेत, चोथा आहे, आणि ती पोटात सावकाश उतरते. चाळीस ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे साधारण 140 कॅलरी. तुमच्या घरातल्या भाकरीचं पीठ एकदा काट्यावर घाला. आपल्याकडची परातीएवढी भाकरी ऐंशी ग्रॅमची निघते आणि बाई म्हणते, मी दोनच खाते. दोन नव्हे, चार. इथं कमी करायचं होतं, बंद करायचं नव्हतं. लहान थापायचा कंटाळा येत असेल तर कडक भाकरी आणा, त्या पातळ असतात, डब्यात टिकतात, आणि चावून चावून खाव्या लागतात म्हणून दुसरीच्या आधी पोट बोलतं.

शेंगाच्या चटणीचं तुमचं थोडं बरोबर आहे, थोडं चूक. शंभर ग्रॅम शेंगांत 560 च्या वर कॅलरी असतात. तेव्हा उखळात कुटलेली ती तेल सुटलेली चटणी, वर आणखी तेलाची धार, आणि भाकरीचा तुकडा बुडवून बुडवून, अशी खाल्ली तर तिच्यात एक जेवण लपतं. (सोलापुरात एक चमचा चटणी घेऊन थांबलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, मीसुद्धा नाही.) पण पोह्यांचा एक मोठा चमचा भरून, वर तेल न घेता, म्हणजे 80 कॅलरी आणि चार ग्रॅम प्रथिनं. ती ताटात आधीच वाढून घ्या आणि डबा फडताळात परत ठेवून मग जेवायला बसा. चटणीचा डबा मांडीपाशी ठेवून कुणाचं वजन उतरलेलं नाही.

प्रथिनांचा हिशोबही एकदा बघा. आपल्याकडं किलोमागं 0.83 ग्रॅम धरतात, म्हणजे तुम्हाला साठेक ग्रॅम. चार्टवर तुम्हाला मिळतात अठरा-वीस. उरलेलं शरीर तुमच्याच स्नायूंतून काढतं, आणि उभं राहायला तेच तर लागतात.

मग ताटात काय घालू? मी तुम्हाला चार्ट देणार नाही, एका चार्टनं पुरे झालं. तुमच्याच घरातलं सांगते. उठल्यावर चहा, आणि चालायला जायच्या आधी एखादं केळं किंवा दोन-तीन खजूर. उपाशीपोटी पाच किलोमीटर सध्या नको, अर्धा तास पुरे. ऊन तापायच्या आत परत या. आल्यावर एक भाकरी आणि दोन अंडी. अंडं नको त्या दिवशी घट्ट पिठलं. डब्यात दोन लहान भाकरी, वाटीभर घट्ट डाळ (फोडणीचं पाणी नव्हे, चमचा उभा राहील अशी), भाजी, वाटीभर दही. बरोबर मेथीचा घोळाणा असेल तर सोन्याहून पिवळं: कच्ची मेथी, कांदा, मीठ, थोडं शेंगाचं कूट आणि वर लिंबू. अडीचला मूठभर फुटाणे, मग चहा. हे फुटाणे म्हणजे तुमच्या तीनच्या अंधारीवरचा उतारा आहेत, तेव्हा ते विसरू नका, एप्रनच्या खिशात पुडी ठेवा. रात्री एक भाकरी, डाळ किंवा उसळ, भाजी. तेल दिवसाला मोजून तीन चहाचे चमचे. चटणीचा तो एक चमचा दिवसातून एकदा, हव्या त्या जेवणात. हे सगळं सोळाशेच्या आसपास जातं आणि प्रथिनं साठला पोचतात. गरजेपेक्षा चारशे-साडेचारशे कमी, म्हणजे महिन्याला दीड-पावणेदोन किलो. ऐकायला कमी वाटतं ते, अडीच किलो पाच दिवसांत पाहिल्यामुळं. पण ते पाणी नसेल.

एक आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबरून पुन्हा सूपाकडं पळाल. भाकरी चालू केल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत काटा एक-दीड किलो वर जाईल. ती चरबी नव्हे, साठा भरला की त्याच्याबरोबर पाणीही घरी येतं. पंधरा दिवस काट्यावर चढूच नका.

झोपेचं. पोट भरलं की आपोआप सुधारेल. पाण्याच्या पाळीच्या रात्री दोनला उठून पिंप भरावी लागतात हे मला ठाऊक आहे, माझ्याकडंही तेच. त्या रात्रीनंतरच्या सकाळी चालणं सोडून द्या आणि तो अर्धा तास झोपा. अपुऱ्या झोपेच्या दिवशी गोडावर हात जातो, ते तुमच्या मनाचं दुबळेपण नाही.

दुपारची अंधारी आठ-दहा दिवसांत जायला हवी. नीट जेवूनही दोन-तीन आठवडे राहिली, किंवा मध्येच चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, दम लागला, धडधड थांबेना, तर फुटाणे-बिटाणे बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. रक्त तपासायचं मात्र त्याची वाट न बघता, याच आठवड्यात.

सुपरवायझरला आहारबिहार काही सांगत बसू नका. पण कामाच्या टेबलापाशी पाण्याची बाटली ठेवायची परवानगी मागा, आणि अंधारी आली तर पाय ओढत उभं न राहता सरळ खाली बसा. मशीनपाशी तर बसाच.

आणि नणंदेकडचे धपाटे. जा की! सकाळचा नाश्ता न चुकवता जा, नाहीतर तिथं पोचेपर्यंत चार धपाट्यांची भूक होईल. दोन घ्या, दह्याबरोबर, तिसऱ्याला नणंद आग्रह करेल तेव्हा अर्धा घ्या. लोण्याचा गोळा तिच्या नवऱ्याच्या ताटात सरकवा. घरी आल्यावर "आज जास्त झालं" म्हणून रात्री उपाशी झोपू नका. एक भाकरी, वाटीभर डाळ, आणि मिस्टरांनाही तेवढंच, गोळीच्या वेळेला.